पंच कोणी नेमले? होलीफील्ड–लुईस, मार्च १९९९

१३ मार्च १९९९. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बाराव्या फेरीची घंटा झाली, दोघे बॉक्सर आपापल्या कोपऱ्यात गेले आणि निवेदकाच्या हातात तीन गुणपत्रिका आल्या. एका पंचाने लेनॉक्स लुईसला ११६-११३ असं जिंकवलं होतं, एकाने इव्हँडर होलीफील्डला ११५-११३ असं, आणि एकाने दोघांना ११५-११५. म्हणजे बरोबरी. गार्डनभर हुर्यो उठली. सातासमुद्रापलीकडून आलेले हजारो ब्रिटिश चाहते तर सुन्न झाले, कारण बारापैकी बहुतेक फेऱ्या लुईसनेच घेतल्या असं त्यांना वाटत होतं. तसं वाटणारे फक्त तेच नव्हते. रिंगभोवती बसलेल्या बहुतेक पत्रकारांचंही तेच मत होतं.

त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्यातलं बरंचसं एका पंचाभोवती, तिच्या एका फेरीच्या गुणांभोवती फिरतं. मला मात्र लढतीच्या आधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ते तिघे त्या खुर्च्यांवर बसले कसे, त्यांना कोणी पाठवलं, आणि पाठवणाऱ्याचा त्यात काय संबंध होता? म्हणूनच या टिपणात पंचांची नावं दिलेली नाहीत. ती जगजाहीर आहेत, पण नावं आली की चर्चा माणसांवर जाते आणि नेमणुकीची पद्धत नामानिराळी राहते. इथे मी पंचांना त्यांना पाठवणाऱ्या संघटनेच्या नावानेच ओळखणार आहे.

पार्श्वभूमी

हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात वजनदार गटाचा, एकच निर्विवाद विजेता १९९२ नंतर उरला नव्हता. रिडिक बो याने त्या वर्षी होलीफील्डला हरवून सगळे पट्टे, म्हणजे वेगवेगळ्या संघटनांची विजेतेपदं, मिळवले, पण लुईसशी लढण्याऐवजी डब्ल्यूबीसी या संघटनेचा पट्टा सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. तेव्हापासून मुकुटाचे तुकडे झाले होते. १९९९ साली डब्ल्यूबीए आणि आयबीएफ या दुसऱ्या दोन संघटनांचे पट्टे होलीफील्डकडे होते, डब्ल्यूबीसीचा लुईसकडे. तिन्ही एकत्र आणणारी ही लढत होती. मानधनाचे जाहीर आकडे होलीफील्डला २ कोटी डॉलर आणि लुईसला १ कोटी डॉलर असे होते. होलीफील्डचा प्रमोटर, म्हणजे त्याच्या लढती भरवणारा, डॉन किंग.

व्यावसायिक बॉक्सिंगची रचना माहीत नसेल तर पुढचं सगळं धूसर वाटेल, म्हणून थोडं सांगतो. इथे क्रिकेटसारखी एक जागतिक संस्था नाही. पट्टे देणाऱ्या खासगी संघटना वेगळ्या आणि त्या-त्या राज्यात लढतीला परवानगी देणारं सरकारी ॲथलेटिक कमिशन वेगळं. संघटना आपल्या पट्ट्यासाठी होणाऱ्या लढतीतून शुल्क घेतात, आणि ते बॉक्सरच्या मानधनाच्या टक्केवारीत असतं. क्रमवारीही त्याच ठरवतात. म्हणजे ज्याच्या कमरेला पट्टा आहे, ज्याच्या लढतींना गर्दी होते, त्याच्याशी संघटनेचं पैशाचं नातं असतं. हे नातं कायदेशीर आहे, उघड आहे. फक्त ते आहे, एवढं ध्यानात ठेवायला हवं.

गुण देण्याची पद्धत अशी: रिंगच्या तीन बाजूंना तीन पंच बसतात. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला सहसा ९, आणि कोणी खाली पडला तर बहुधा ८. स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव अशा चार गोष्टी पाहायच्या. रिंगच्या आत असतो तो रेफरी. अशा लढतीत तो गुण देत नाही. आपल्या कुस्तीच्या मैदानात पाठ टेकली की कुस्ती निकाली होते, पंचाने फक्त हात वर करायचा. बॉक्सिंगमध्येही समोरचा उठलाच नाही तर प्रश्न मिटतो. तो उठून बारा फेऱ्या उभा राहिला, की निकाल या तिघांच्या डोळ्यांवर सोपवलेला असतो.

होलीफील्डला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत त्याने न्यूझीलंडच्या केव्हिन बॅरीला खाली पाडलं आणि थांबण्याच्या हुकुमानंतर ठोसा मारला म्हणून रेफरीने त्यालाच बाद केलं. रेफरी युगोस्लाव्हियाचा होता. नॉकआउटमुळे बॅरीला अंतिम लढत खेळता आली नाही आणि सुवर्णपदक न लढताच युगोस्लाव्हियाच्या अँतोन योसिपोविचला मिळालं. पदक देताना योसिपोविचने कांस्यपदकाच्या पायरीवरच्या होलीफील्डला हात देऊन आपल्या पायरीवर ओढून घेतलं. त्या रेफरीची नियत काय होती ते मी सांगू शकत नाही. पण त्याला त्या लढतीत उभं करणाऱ्यांनी ही शक्यता आधी पाहायला हवी होती, हे नक्की.

पेच

न्यूयॉर्कच्या लढतीत तीन पट्टे पणाला होते, म्हणून पंचही तीन संघटनांचे घ्यायचे ठरलं. डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए आणि आयबीएफ यांनी प्रत्येकी एक पंच दिला. योगायोगाने देशांचीही समान वाटणी झाली. डब्ल्यूबीसीचे पंच ब्रिटिश, लुईसच्या देशाचे. आयबीएफच्या पंच अमेरिकन, होलीफील्डच्या देशाच्या. डब्ल्यूबीएचे पंच दक्षिण आफ्रिकेचे. कागदावर याहून समतोल काय असणार?

निकालाने हा हिशोब पार उलटापालटा केला. ब्रिटिश पंचाने स्वतःच्या देशाच्या लुईसला जिंकवलं नाही, बरोबरी दिली. ज्या डब्ल्यूबीएचा पट्टा होलीफील्डकडे होता, तिच्या पंचाने लुईसला स्पष्ट पुढे ठेवलं. फक्त आयबीएफच्या पंचाची गुणपत्रिका त्यांच्या संघटनेच्या विजेत्याच्या बाजूने गेली.

मी ही लढत आवाज बंद करून, कागद-पेन घेऊन पाहिली आहे. समालोचन ऐकत पाहिली तर मन आधीच कुठल्यातरी बाजूला झुकतं. तिसरी फेरी होलीफील्डची. याच फेरीत लुईसला झोपवीन असं त्याने आधी सांगून ठेवलं होतं आणि तसा तो धावूनही गेला. पुढेही एक-दोन ठिकाणी तो सावरला. पण पाचवी फेरी पाहिली की हातातलं पेन थबकतं. लुईस त्याला दोऱ्यांवर नेतो, लांब डाव्या हाताचा सरळ ठोसा (जॅब), मागून उजवा, पुन्हा जॅब. होलीफील्ड दोन्ही हात वर धरून वाकलेला, उत्तर जवळजवळ नाहीच. आयबीएफच्या पंचाने ही फेरी होलीफील्डला दिली होती.

ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्यूबॉक्सच्या नोंदीप्रमाणे अख्ख्या लढतीत लुईसचे ६१३ पैकी ३४८ ठोसे लागले, होलीफील्डचे ३८५ पैकी १३०. ही मोजणी अधिकृत नसते आणि ठोशाचा जोर तिला कळत नाही, तेव्हा तिच्यावर निकाल लावता येत नाही. पण एवढी तफावत असताना तीनपैकी दोन पंचांना लुईस पुढे दिसला नाही, हे समजून घ्यायला हवं.

गुणपत्रिकांचा हिशोब

इथे थोडा वेळ थांबतो, कारण चर्चेत नेमका हाच भाग सुटतो.

लढतीत कोणी खाली पडलं नव्हतं, त्यामुळे आकडे उलगडता येतात. ११६-११३ म्हणजे लुईसला ७ फेऱ्या, होलीफील्डला ४, एक बरोबरीत. होलीफील्डच्या बाजूने ११५-११३ म्हणजे त्याला ७, लुईसला ५. आणि ११५-११५ म्हणजे दोघांना ५-५, दोन फेऱ्या १०-१०.

आता ती बदनाम पाचवी फेरी लुईसला देऊन पाहा. आयबीएफच्या पंचाची गुणपत्रिका ११४-११४ होते. मग एक गुणपत्रिका लुईसची आणि दोन बरोबरीच्या. निकाल तरीही बरोबरीच! जिच्यावर सगळा राग निघाला ती फेरी एकटीने काहीच बदलत नाही. उलट डब्ल्यूबीसीच्या पंचाने बरोबरीत सोडलेल्या दोन फेऱ्यांपैकी एक जरी लुईसला दिली असती, तर गुण ११५-११४ झाले असते, तीनपैकी दोन पंच लुईसचे झाले असते आणि त्या रात्री हेवीवेटला निर्विवाद विजेता मिळाला असता.

या पंचांच्या सचोटीवर माझा रोख नाही. पण फेरी १०-१० सोडणं म्हणजे निर्णय पुढे ढकलणं, आणि बारा फेऱ्यांत दोनदा तसं झालं की सगळी लढत त्यावर हेलकावते. अनेक कमिशनं आपल्या पंचांना शक्यतो बरोबरी देऊ नका असं सांगतात ते याचसाठी. तीन संघटनांनी पाठवलेले तीन पंच मात्र तीन वेगळ्या सवयी घेऊन येतात. तिघांना एका टेबलाशी बसवून, एकच माप हातात देणारं कोणी लागतं.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, जो झाला: ज्याचा पट्टा, त्याचा पंच. तीन संघटनांना खूश ठेवायला हा सोपा मार्ग. पण पंचाची पुढची नेमणूक, पुढचा विमान प्रवास, पुढचं मानधन ज्याच्या हातात आहे, त्याच्याच हातात आजची नेमणूकही देणं यात मूळ दुखणं आहे. पंच पूर्ण प्रामाणिक असला तरी हरलेल्या बाजूला ते पटवून देता येत नाही.

दुसरा, देशानुसार तटस्थ पंच. क्रिकेट रसिकांना हा लगेच पटेल, कारण २००२ पासून कसोटीत दोन्ही पंच तटस्थ देशांचे नेमायची पद्धत आली आणि घरच्या पंचांवरचे जुने वाद बरेच निवळले. पण क्रिकेटमध्ये तटस्थ पंच आयसीसी नेमते, खेळणारं बोर्ड नव्हे. लोकांच्या लक्षात देश राहिला, नेमणारा हात बदलला ते कमी जणांच्या लक्षात आलं.

तिसरा, राज्याच्या कमिशनने आपल्या परवानाधारक यादीतून तिघांना नेमायचं आणि संघटनांना सूचना करण्यापुरताच हक्क ठेवायचा. नेवाडा राज्यात हीच रीत होती. तिथे नेमणुका कमिशनच्या बैठकीत होतात.

चौथा पर्याय मला सगळ्यात आवडतो: कमिशनने सहा-सात नावांची यादी काढायची, दोन्ही बाजूंना कारण देऊन एकेक नाव खोडायची मुभा द्यायची आणि उरलेल्यांतून चिठ्ठी टाकायची. यात पंच कोणाचाच माणूस ठरत नाही.

न्यूयॉर्कच्या कमिशनने तिसऱ्या वाटेने का जाऊ नये? अधिकार त्यांचा होता, लढत त्यांच्या हद्दीत होती. पण ते कमिशन तेव्हा अडचणीतून चाललं होतं. त्याचे अध्यक्ष, एके काळचे हेवीवेट विजेते फ्लॉइड पॅटरसन यांनी आदल्याच वर्षी, स्मरणशक्ती साथ देत नसल्याचं एका जबानीत उघड झाल्यावर, पद सोडलं होतं. इतकी मोठी लढत आपल्या शहरात आणायची तर तीन संघटनांशी भांडण नको, असं तिथल्या कुणाला वाटलं असेल तर मला नवल वाटणार नाही. या सगळ्या प्रकरणातलं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच होतं. बाकीचं सगळं त्यातून निघालं.

पुढे काय केलं गेलं

काही दिवसांतच न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमध्ये सुनावणी लागली, मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनीही चौकशी हाती घेतली. आयबीएफच्या पंचांनी सांगितलं की त्यांनी आपल्या जागेवरून जे दिसलं तेच लिहिलं, आणि रिंगच्या कडेला गर्दी करून बसलेल्या छायाचित्रकारांमुळे त्यांना नीट दिसत नव्हतं. चित्रफीत पाहिल्यावर मात्र पाचवी फेरी लुईसची होती, हे त्यांनी मान्य केलं.

त्यांच्या या उत्तराची टर उडवली गेली. मला त्यात टर उडवण्यासारखं काही दिसत नाही. पंच रिंगच्या चौथऱ्याला लागून, खालून वर बघत बसतो. समोरून बॉक्सरची पाठ आली की पलीकडचा ठोसा लागला की हातावर अडला, हे कळत नाही. त्यात शेजारी कॅमेरे. विश्वविजेतेपदाच्या लढतीत पंचाला समोरचं दिसेल एवढी मोकळी जागा राखणं हे कमिशनचं काम होतं. ते झालं नाही, आणि त्याचा जाब खुर्चीवर बसलेल्या बाईंना विचारला गेला.

पंचांपैकी कुणावरही लाचखोरी सिद्ध झाली नाही. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयबीएफच्या अध्यक्षांवर, क्रमवारीसाठी पैसे घेतल्याच्या वेगळ्या प्रकरणात, आरोपपत्र आलं. २००० साली त्यांना काळा पैसा वळवणं आणि कर चुकवणं अशा काही आरोपांत दोषी ठरवलं गेलं, बाकी बऱ्याच आरोपांतून ते सुटले. मार्चच्या त्या गुणपत्रिकेशी याचा संबंध कोणी दाखवलेला नाही आणि तो जोडणं अन्यायाचं होईल. पण पंच पाठवणाऱ्या संघटनेची घडी अशी असू शकते, एवढं त्यातून सगळ्यांसमोर आलं.

तिन्ही संघटनांनी पुन्हा लढत घ्यायचं फर्मावलं. ती १३ नोव्हेंबर १९९९ रोजी लास वेगासला झाली आणि पंच नेवाडाच्या कमिशनने नेमले.

निष्पन्न

दुसरी लढत पहिलीपेक्षा अटीतटीची होती. होलीफील्ड जास्त चपळ होता, लुईस जास्त सावध. तरी तिन्ही पंचांनी लुईसला जिंकवलं: ११५-११३, ११६-११२, ११७-१११. आणि हे तिन्ही पंच अमेरिकन होते! मार्चमध्ये ब्रिटिश पंचाला ब्रिटिश बॉक्सर पुढे दिसला नाही, नोव्हेंबरमध्ये तिघा अमेरिकनांनी अमेरिकन विजेत्याला हरवलं. पासपोर्टवरून पंचाचा कल ओळखू पाहणाऱ्यांनी या दोन रात्री शेजारी ठेवून पाहाव्यात.

२००० च्या मे महिन्यात अमेरिकेत मुहम्मद अली यांच्या नावाचा बॉक्सिंग सुधारणा कायदा लागू झाला. सिनेटर जॉन मॅकेन यांनी तो बरीच वर्षं लावून धरला होता. त्यात पंच आणि रेफरी यांना त्या राज्याच्या कमिशनची मान्यता बंधनकारक झाली. या लढतीसाठी कोणाकडून किती पैसे आणि खर्च मिळणार हे कमिशनला लिहून दिल्याशिवाय पंचाला मानधन घेता येणार नाही, अशी तरतूदही झाली.

तरीही गोष्ट तिथे संपली नाही. २०१७ साली लास वेगासमध्येच, नेवाडाच्या कमिशनने नेमलेल्या पंचांसमोर गेनादी गोलोव्किन आणि सॉल ‘कनेलो’ अल्वारेझ लढले. एका पंचाने गोलोव्किनला ११५-११३ असं जिंकवलं, एकाने ११४-११४ दिली आणि एकाने अल्वारेझला ११८-११० दिली, म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या. पुन्हा बरोबरी, पुन्हा हुर्यो. नेमणूक कमिशनकडे आल्याने हितसंबंधाचा प्रश्न सुटतो. चुकीच्या पंचाला चुकीच्या रात्री बसवण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी नेमणाऱ्याला पंचाच्या मागच्या गुणपत्रिका ठाऊक हव्यात, आणि त्या पाहून कुणाला थांबवण्याची तयारीही हवी. २०२२ मध्ये ग्लासगोला जॅक कॅटरलविरुद्ध जॉश टेलरला दिलेल्या वादग्रस्त विजयानंतर ब्रिटनच्या बॉक्सिंग बोर्डाने एका पंचाचा दर्जा एक पायरी खाली आणला. ते मला योग्य वाटतं. कॅटरलला त्याचा काही उपयोग झाला नाही, हेही तितकंच खरं.

वेगळं काय करता आलं असतं

मार्च १९९९ मध्ये कमिशनने संघटनांना एवढंच सांगायला हवं होतं: नावं सुचवा, नेमणूक आमची. लढत रद्द होण्याची भीती असेल, पण इतक्या पैशाची लढत पंचांच्या यादीवरून कुणी मोडली असती असं मला वाटत नाही. नावं काही आठवडे आधी जाहीर करून दोन्ही गोटांचे आक्षेप लेखी घेतले असते, तर नंतरच्या सुनावणीतले अर्धे प्रश्न आधीच विचारले गेले असते.

पंचाचं मानधन कुठून येतं, हा मुद्दाही तेव्हा कुणी हाताळला नाही. लढतीच्या खर्चात ते प्रमोटरच्या खिशातून जाणार हे अटळ आहे. पण ते आधी कमिशनच्या खात्यात भरून, दर ठरवून, तिथून पंचाला दिलं तर पंच आणि प्रमोटर यांच्यात हिशोबाचा कागदही राहत नाही.

लढतीआधी तिन्ही पंचांना एकत्र बसवून १०-१० कधी द्यायचं, यावर पाच मिनिटं बोलणं झालं असतं तर काय झालं असतं, हे वरच्या हिशोबात दिसतंच. खुर्च्या थोड्या उंच, छायाचित्रकारांना आखून दिलेली जागा, या गोष्टींना तर पैसेही लागत नाहीत.

आणि एक गोष्ट, जी त्या सुनावणीत जवळजवळ अपघाताने घडली. आयबीएफच्या पंचांनी चित्रफीत पाहिली, आपल्या गुणांशी ताडून पाहिली आणि एक फेरी चुकली असं म्हटलं. हे त्यांना सिनेटसमोर, बदनामीच्या कडेलोटावर करावं लागलं. हेच काम प्रत्येक पट्ट्याच्या लढतीनंतरच्या सोमवारी, कमिशनच्या एखाद्या साध्या खोलीत, तिघा पंचांनी आणि एका ज्येष्ठ पंचाने मिळून करायचं. पडद्यावर पाचवी फेरी लावायची, आवाज बंद ठेवायचा, आणि प्रत्येकाने आपला आकडा पुन्हा लिहायचा.